अवशेषांचा संसार

या खेपेस जरा लांबड लागणार आहे, तेव्हा चहा घेऊनच बसा.

२०१८ साली लेकीकडे लंडनला गेले होते तेव्हाची गोष्ट. पहिल्याच आठवड्यात जावईबापूंनी ब्रिटिश म्युझियम दाखवले. ते पाहून पाय असे सुजले, की आता मी एकही म्युझियम बघणार नाही म्हणून जाहीर करून टाकले. चार दिवसांनी लेक म्हणाली, "आई, आज म्युझियम नाही. एका माणसाचं घर बघायला जाऊ." होबर्न स्टेशनावर उतरून थोडे चालले की लिंकन्स इन फील्ड्स नावाचा मोठा चौक लागतो. मध्ये झाडे, कडेने घरांची रांग. त्यातले तेरा नंबरचे घर सर जॉन सोन नावाच्या वास्तुविशारदाचे. (पाटीवरचे स्पेलिंग वाचून मी त्याला 'सोआने' केले होते, लेकीने सुधारले. सोनपापडीतला सोन, असे लक्षात ठेवा.)

पुढच्या दोन खोल्या जेवणाच्या आणि पुस्तकांच्या. भिंतींना गडद तांबडा रंग, पोंपेईच्या भिंतींवर असतो तसा, आणि जागोजागी आरसे. इथवर ठीक होते. पण तिथून मागच्या अरुंद बोळात शिरलो आणि मी थबकलेच! वरच्या पिवळ्या काचांतून तेलकट सोनेरी उजेड खाली उतरत होता आणि त्या उजेडात चारही बाजूंच्या भिंती तळापासून छतापर्यंत तुकड्यांनी भरलेल्या. खांबाचे माथे, कमानीचे दगड, तुटके हात, नाक गेलेली मस्तके, अस्थिकलश, नक्षीच्या पट्ट्या. काही अस्सल संगमरवर, काही साच्यातून काढलेल्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती. मध्ये कठड्यावरून खाली वाकून पाहिले तर तळघरात इजिप्तच्या राजाची शवपेटी. एवढ्याशा जागेत एवढे सामान कुणी ठेवील का? आमच्या सासूबाईंच्या माळ्याची आठवण झाली. फरक इतकाच की इथे प्रत्येक तुकडा नेमका जागेवर बसवलेला होता.

असल्या मोडक्यातोडक्या वस्तूंचा नाद एखाद्या वास्तुविशारदाला का लागावा? त्याचे काम नवे बांधण्याचे. घरी आल्यावर या माणसाबद्दल मिळेल ते वाचत गेले, आणि अजून वाचतेच आहे.

सोनचा जन्म १७५३ चा. थेम्सकाठच्या गोरिंग गावचा, गवंड्याचा मुलगा. आडनावही मुळात साधे. शेवटचे 'ई' अक्षर त्याने १७८४ साली लग्नाच्या वेळी स्वतःच जोडले, जरा भारदस्त दिसावे म्हणून. पंधराव्या वर्षी तो जॉर्ज डान्स या वास्तुविशारदाच्या हाताखाली लागला, मग हेन्री हॉलंडकडे. शिकता शिकता रॉयल अकॅडमीचे रौप्यपदक, पुढे १७७६ ला सुवर्णपदक आणि त्यापाठोपाठ राजाची प्रवास-शिष्यवृत्ती. १८ मार्च १७७८ रोजी गवंड्याचा पोर इटलीला निघाला.

त्या काळात इटलीला जाणे म्हणजे पडक्या इमारती बघायला जाणे. रोमचे भग्नावशेष हेच पाठ्यपुस्तक. रोममध्ये त्याला पिरानेसी भेटला. पडक्या रोमची भव्य, काळोखी चित्रे तांब्यावर कोरणारा हा कलावंत तेव्हा आयुष्याच्या अगदी शेवटच्या महिन्यांत होता. त्याने या पोराला आपली चार चित्रे भेट दिली. पोंपेईत त्या वेळी परवानगीशिवाय रेखाटने करायला मनाई होती, म्हणून सोनने आयसिस देवीच्या देवळाचे रेखाटन रात्री चंद्रप्रकाशात चोरून केले. पंचविशीतला मुलगा, हातात पाटी, भोवती सतराशे वर्षे राखेखाली निजलेले गाव. हे एवढे वाचले आणि माझ्या मनात हा माणूस पक्का बसला.

पुढे मात्र एका बिशपने त्याला चांगलाच बुडवला. फ्रेडरिक हर्व्ही हे त्याचे नाव. आयर्लंडच्या उत्तर किनाऱ्यावर डाउनहिल येथे मोठा वाडा बांधतो आहे, ये, तुला काम देतो, असे त्याने सांगितले. सोन शिष्यवृत्ती अर्धवट टाकून निघाला. वाटेत सामानाच्या पेटीचा तळच सुटला. पुस्तके, रेखाटने, अवजारे, मिळवलेली पदकेसुद्धा रस्त्यात सांडली ती कायमची. १७८० साली डाउनहिलला पोचला तर बिशपचा विचार बदललेला. महिना-सव्वा महिना मोजमापे घेण्यात गेला आणि पोरगा रिकाम्या हाताने परत. योगायोग बघा, त्या बिशपचा वाडा आज छपराविना पडका उभा आहे आणि लोक ते अवशेष बघायला जातात.

नंतरची चढण भराभर सांगते. खेड्यापाड्यांतल्या जमीनदारांची घरे, दुरुस्त्या, गोठे, कुंपणे अशी मिळेल ती कामे केली. १७८४ साली एलिझाबेथ स्मिथशी लग्न. तिचे काका मोठे बिल्डर, ते १७९० ला गेले तेव्हा त्यांची मालमत्ता या जोडप्याकडे आली आणि पैशाची चिंता मिटली. त्याआधी १७८८ मध्ये, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, सोन बँक ऑफ इंग्लंडचा वास्तुविशारद झाला होता. ते काम त्याने १८३३ पर्यंत, म्हणजे पंचेचाळीस वर्षे केले. आमच्या नोकरीतसुद्धा एवढी वर्षे कुणाची भरत नाहीत!

या बँकेचे काम समजून घेण्यासारखे आहे. १७८० च्या दंगलीत बँकेवर हल्ला झालेला. तेव्हा बाहेरच्या भिंतीला खिडक्या ठेवायच्या नाहीत, हे ठरलेलेच होते. साडेतीन एकरांच्या आसपास जागा, चहूकडून बंद भिंत, आत शेकडो कारकून हिशेब लिहिणार. त्यांना उजेड कुठून द्यायचा? सोनने तो वरून आणला. घुमटाखाली घुमट, घुमटाच्या गळ्याशी काचा, आणि तिथून मऊ उजेड थेट टेबलावर. आगीची भीती म्हणून छताला लाकूड नाही. मातीची पोकळ भांडी एकमेकांना लावून हलक्या कमानी चढवल्या. रोमच्या स्नानगृहांचे अवशेष त्याने पाहिले होते, छप्पर उघडे पडलेले आणि वरून ऊन आत येणारे. मला आपले वाटते, की पडक्या इमारतीत उजेड कसा उतरतो ते ज्याने डोळे भरून पाहिले, त्यालाच हे सुचू शकते.

आता मूळ मुद्द्यावर येते. सोनच्या कार्यालयात जोसेफ गँडी नावाचा एक चित्रकार होता. सोनच्या आराखड्यांवरून इमारती कशा दिसतील याची जलरंगातली चित्रे तो काढी. १७९८ साली त्याने बँकेच्या गोल घुमटाखालच्या दालनाचे चित्र काढले. नुकत्याच बांधलेल्या दालनाचे, पण कसे? घुमट कोसळलेला, कमानींवर झुडपे उगवलेली. त्याच्या आदल्याच वर्षी बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबवले होते, म्हणजे लोकांच्या मनात बँकेबद्दल धाकधूक असणार. पुढे १८३० मध्ये त्याने सबंध बँक वरून पाहिल्यासारखी रंगवली. छपरे नाहीत, कोपरे ढासळलेले, आतली दालने उघडी. हे चित्र पाहताना इमारत पडते आहे की बांधली जाते आहे, तेच कळत नाही. सोनने हे चित्र लपवून ठेवले नाही, त्या वर्षी रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात सर्वांसमोर टांगले!

आपल्याकडे नव्या घराच्या वास्तुशांतीला कुणी 'हे पडल्यावर छान दिसेल' म्हटले तर त्याला जेवायला वाढतील का? मी वर्गात मुलांना हे सांगितले असते तर मुले हसली असती. पण सोनच्या बाजूने विचार करा. त्याच्या लेखी जगातली सर्वांत मोठी वास्तुकला ही पडकी होती. रोम पडले तरी थोर दिसते. तेव्हा आपली इमारत पडल्यावर कशी दिसेल हीच तिची खरी परीक्षा. भिंतीवरचा गिलावा, पडदे, सोनेरी पट्ट्या जातील. उरेल तो सांगाडा. तो सांगाडा लाज राखील ना?

हा खेळ तो घरीही खेळे. १८०० साली त्याने लंडनबाहेर ईलिंगला पिट्सहँगर ही जुनी हवेली घेतली आणि बरीचशी पाडून नवी बांधली. एक भाग मात्र तसाच ठेवला. तो त्याचे गुरू डान्स यांनी बांधलेला आणि उमेदवारीच्या पहिल्या दिवसांत सोनने त्यावर काम केलेले. घराशेजारी त्याने चक्क खोटे रोमन अवशेष बांधले, अर्धे जमिनीत गाडलेले खांब वगैरे, आणि पाहुण्यांना सांगे की इथे प्राचीन देऊळ सापडले आहे. १८१२ मध्ये लिंकन्स इन फील्ड्सचे घर पाडून बांधकाम चालू असताना त्याने एक टिपण लिहायला घेतले. कल्पना अशी, की पुढल्या काळातला कुणी संशोधक या घराच्या अवशेषांत उभा आहे आणि हे काय असावे म्हणून डोके खाजवतो आहे. देऊळ? मठ? दफनाची जागा? की एखाद्या जादूगाराचे घर? टिपण विनोदी म्हणून सुरू होते, पण हळूहळू त्यात कडवटपणा उतरतो, आणि ते अपुरेच राहिले.

कडवटपणाला कारण होते. ईलिंगची हवेली त्याने घेतली ती मुलांसाठी. दोन मुलगे होते, जॉन आणि जॉर्ज. आणखी दोन तान्हेपणीच गेले. या दोघांनी वास्तुविशारद व्हावे, त्या घरात अवशेष आणि पुतळ्यांमध्ये वाढून शिकावे, ही बापाची इच्छा. मुलांना त्यात काडीचा रस नव्हता. १८१० ला हवेली विकली. थोरला जॉन आजारी असायचा, तो १८२३ ला क्षयाने गेला. धाकटा जॉर्ज लेखक व्हायला निघाला. बापाशी पटेना, आईवडिलांना डिवचण्यासाठीच लग्न केले असे आईला पत्राने कळवले. कर्ज आणि फसवणुकीपायी तुरुंगात गेला, आईने पैसे भरून सोडवला. आणि १८१५ च्या सप्टेंबरात 'चॅम्पियन' नावाच्या पत्रात दोन निनावी लेख आले, इंग्लंडातल्या वास्तुकलेच्या अवनतीवर. त्यात सोनच्या कामाची आणि त्याच्या या घराचीही यथेच्छ टवाळी. आईने वाचले आणि ओळखले की हे आपल्या जॉर्जचे. आपल्याला हा मरणाचा घाव बसला, असे ती म्हणाली. आधीच आजारी होती. २२ नोव्हेंबरला गेली.

सोनने काय करावे? ते दोन्ही लेख चौकटीत बसवले, जॉर्ज सोनने दिलेले मरणाचे घाव असा मथळा लिहिला आणि भिंतीवर लावले. वाचून मला थंडी वाजली. तुटलेले सर्व काही जपून ठेवणाऱ्या माणसाने हाही तुकडा फेकला नाही.

बायकोसाठी त्याने सेंट पँक्रसच्या जुन्या दफनभूमीत समाधी बांधली. चार खांबांवर चपटा, कडा वळवलेला छोटा घुमट. लंडनच्या त्या प्रसिद्ध लाल टेलिफोनच्या खोक्याचे डोके याच घुमटावरून बेतले असे मानतात. ते १९२४ साली आखणारे गाइल्स गिल्बर्ट स्कॉट पुढे सोनच्या संग्रहालयाचे विश्वस्तही झाले. आता हातोहाती मोबाइल आल्यावर ती खोकीही अवशेषच झाली म्हणायची! परत येताना लेकीने मला एकात उभे करून फोटो काढला, तो आल्बममध्ये आहे.

एलिझाबेथ गेल्यावर वीस-बावीस वर्षे सोन त्या घरात तुकडे रचत राहिला. १८२४ मध्ये बेल्झोनीने शोधलेली सेती पहिला या फॅरोची शवपेटी ब्रिटिश म्युझियमला महाग वाटली, ती याने दोन हजार पौंडांना घेतली. पांढुरक्या अर्धपारदर्शक दगडाची, आतबाहेर चित्रलिपीने कोरलेली. पुढच्या मार्चमध्ये तीन संध्याकाळी तेलाचे दिवे लावून आठ-नऊशे पाहुण्यांना ती दाखवली. तळघरात त्याने एक काल्पनिक संन्यासी वसवला, पाद्रे जोवानी, म्हणजे इटालियनमध्ये फादर जॉन, स्वतःच! त्याची बैठकीची खोली केली आणि मागच्या अंगणात वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्याच्या पाडकामातले दगड आणून त्याच्या मठाचे अवशेष रचले. तिथे एक थडगेही आहे, ते खरे तर एलिझाबेथच्या लाडक्या फॅनी नावाच्या कुत्रीचे. चित्रांच्या खोलीत भिंती फडताळाच्या दारांसारख्या उघडतात आणि आतून आणखी चित्रे निघतात. होगार्थची मालिका मी तिथेच पाहिली: बापाचा पैसा उधळून वेड्यांच्या इस्पितळात पोचलेल्या मुलाची. ती त्याने १८०२ मध्येच घेतली होती, जॉर्ज तेव्हा बारा-तेरा वर्षांचा.

१८३३ साली सोनने पार्लमेंटात खास कायदा करवून घेतला. आपल्या मृत्यूनंतर घर आणि संग्रह राष्ट्राचा, आणि मृत्यूसमयी जसे असेल तसेच शक्य तितके ठेवायचे. जॉर्जने विरोध केला, त्याच्या वतीने पार्लमेंटात कॉबेट बोलले. उपयोग झाला नाही. २० जानेवारी १८३७ रोजी सोन वारला आणि कायदा लागू झाला.

इथे मी बराच वेळ अडकले. सोनची बाजू कळते. जॉर्जच्या हाती घर गेले असते तर सहा महिन्यांत लिलाव होऊन सगळे चौखूर उधळले असते. पण जॉर्जला लहानपणापासून त्या घरात श्वास घ्यायला किती जागा मिळाली असेल? प्रत्येक कोनाड्यात एक तुटके मस्तक, आणि तू असा हो, तू तसा हो. चौतीस वर्षे पोरे शिकवली, हट्टी बाप पुष्कळ पाहिले. आपल्या मुलाला तो चिकटवू शकला नाही, एवढे खरे. लेकीला हे बोलून दाखवले तर ती म्हणाली, "आई, तू दोघांच्याही बाजूनं बोलतेयस." असेन बुवा.

आणि ती बँक? गँडीने रंगवलेले अवशेष बघायला लोक कधीच गेले नाहीत. कारण अवशेष झालेच नाहीत. १९२५ पासून बँकेने सोनचे काम पाडायला घेतले. कारभार वाढला, जागा पुरेना. नव्या इमारतीचे वास्तुविशारद होते हर्बर्ट बेकर. नाव ओळखीचे वाटते ना? दिल्लीतले नॉर्थ ब्लॉक, साउथ ब्लॉक आणि १९२७ साली उघडलेले गोल संसद भवन यांचे हेच. तिकडे आपल्या राजधानीत खांब चढत होते आणि इकडे सोनचे घुमट उतरत होते. जमिनीवर सात मजले, खाली तीन. काम १९३९ पर्यंत चालले. पेव्हस्नर या इतिहासकाराने पुढे ते पाडकाम म्हणजे विसाव्या शतकात लंडनच्या सिटीत घडलेला सर्वांत मोठा वास्तुशास्त्रीय गुन्हा ठरवला. सोनची बाहेरची, बिनखिडक्यांची भिंत तेवढी राहिली. आपला शनिवारवाडा डोळ्यांसमोर आणा, १८२८ च्या आगीनंतर उरलेला तट आणि जोती. पण तिथे निदान आत आकाश तरी आहे, ती जोती मोजत दिवाणखाना कुठे होता याचा तर्क करता येतो. बँकेच्या तटाआत दुसरीच इमारत भरून बसली आहे. १९८८ मध्ये बँकेने आपल्या संग्रहालयासाठी सोनचे एक दालन जुन्या आराखड्यांवरून पुन्हा उभारले. ते पाहायलाही गेलो. सुंदर आहे, उजेडही तसाच पडतो. पण गुळगुळीत. सोनला त्यात एखादी चीर हवीशी वाटली असती.

म्हणजे रोमसारखे दिमाखात पडेल म्हणून ज्याची चित्रे काढली ते कचेऱ्यांच्या सोयीसाठी पाडले गेले, आणि ज्यात नुसते तुकडे भरले होते ते घर मात्र कायद्याने जसेच्या तसे उभे आहे. फुकट बघता येते, कुणी लंडनला जाणार असाल तर चुकवू नका. गुडघे दुखणाऱ्यांनी तळघराचे जिने जपून उतरावेत.

आता थोडे घरचे. वाईचा आपला वाडा १९९६ साली पाडला, तेव्हा तुम्हा सगळ्यांना आठवते तसे मीही सहीला बसले होते. कुणाला दोष देत नाही, छप्पर गळत होते आणि वाटेकरी अकरा. दिंडीदरवाजा जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे गेला. मी माजघराच्या खांबाखालचा एक तळखडा टेम्पोत घालून पुण्याला आणला होता. तो गॅलरीत आहे, वर तुळशीची कुंडी. 'हे धोंडे कशाला?' असे हे तेव्हा म्हणाले होते. लंडनहून आल्यावर मला प्रथमच जाणवले, की आमच्या नातवाला तो नुसता दगड आहे. सोनने निदान आपल्या घराचे सविस्तर वर्णन लिहून १८३० साली छापून ठेवले होते, नंतर दोनदा वाढवले. कोणता तुकडा कुठला, हे त्यात सापडते.

म्हणून गेल्या आठवड्यात एका कार्डावर लिहिले: माजघर, पूर्वेकडचा दुसरा खांब, शेजारी जाते असे, नमूताईंचा पाळणा याच्या वरच्या तुळईला बांधला होता. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कुंडीखाली ठेवले आहे. देवघराची घंटा आणि ओटीवरची कडी तुमच्यापैकी कुणाकुणाकडे आहे. ती कोणत्या दाराची, तेवढे तरी लिहून ठेवा. आणि ओटीचे दार आधी उत्तरेला होते की १९५८ च्या दुरुस्तीत फिरवले, हे कुणाला आठवत असल्यास मला कळवा, माझ्या नकाशात ते जुळत नाही.